सुलत्याला बांध म्हणावं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी
माळावरची वस्ती, लिंबागणेश

लखनला आईचा आशीर्वाद. राग आला तरी घे.

फोन केला की तू काटतोस. बबिता उचलती, हळूच दोन शब्द बोलती, अन् मागून तुझा आवाज आला की ठिवून देती. नवऱ्याला भिऊन सासूशी बोलायची पाळी आलीय तिच्यावर. चाकणला कंपनीत जाऊन तू लई मोठा झालास, मला कळलं. म्हणून म्हणलं पत्र लिवावं. पत्र काटता येत न्हाई. फाडता येतं, पण तुझी तर चहाच्या पुडीचा कागद बी वाचायची सवय, तवा आधी वाचशील अन् मंग फाडशील. चौथी शिकलेली बाई हाय मी. अक्षर वाकडं आलं तर हास, मला चालंल.

काल सोनं द्यायला कुणी न्हवतं. एक पान देवापुढं ठिवलं, एक मेंढरांच्या वाड्याला खोचलं, एक सुलत्याच्या पट्ट्यात खोचलं. त्यानं ते खाल्लं. मंग दिवसभर खोकत बसला, कुत्रंच ते.

तुला वाटत असंल म्हातारी माफी मागायला लिवतीया. न्हाई मागत. त्या वैशाखात ओढ्यात लांडगा मरून पडला, त्याच्या बाजूला आपली कुत्री चिमणी तोंडाला फेस येऊन पडली, अन् मदी ते पिकावरचं औषध घातलेलं मेलेलं कोकरू. फॉरेस्टच्या गार्डानं गहिनीनाथाला धरलं, कारण त्याची बी कोकरं गेलती अन् तो बाजारात बोंबलत फिरला व्हता की लांडग्याला मारतो म्हणून. त्याची बायको माझ्या पाया पडायला लागली. तू तितंच उभा व्हतास, खाली मान घालून. मी तुझ्याकडं बगत राहिले लखन. लई वेळ बगितलं. म्हणलं, आता बोलंल, आता बोलंल. तू न्हाई बोललास, मंग मी बोलले, तुझं नाव घेतलं. आज कुणी इचारलं तरी तेच बोलंन.

तुझा राग मला कळतो. ती कोकरं तू बाटलीनं दूध पाजून वाढवलीस, पावसात सदऱ्यात घालून आणलीस. राग कळतो बाबा, इष न्हाई कळत. तुझा बा व्हता तवा कोकरू गेलं की म्हणायचा, "बिरोबाचा वाटा गेला, चला म्होरं." अन् खरंच म्होरं चालायचा. बंकट धनगराच्या पोटी तू असा कसा निपजलास, त्याला वर जाऊन मलाच सांगावं लागंल.

त्या लांडग्याची मादी अजून हाय. आता ह्या माळावर तेवढी एकच उरली. दिवस कलला की टेकाडावर बसून गळा काढती, थांबती, कान देती. जवाब द्यायला कुणी न्हाई. मंग परत काढती. मी चुलीपाशी बसून ऐकते. भाकरी करपती.

अन् इकडं सुलत्या. चिमणी गेल्यापासून अर्धी भाकरी तशीच टाकतो. दोघांची बी जोडी तूच मोडलीस. हे लिवायचं न्हवतं, पण लिवलं. आता खोडत न्हाई.

तिकडं थंडी सुरू झाली असंल तर घोंगडी पाठवू का? बबिताला इचार.

तुझी आई सारजा


दिवाळीचा पाडवा
माळावरची वस्ती

लखन,

तू न्हाई लिवणार, माहीत हाय. बबिता म्हणली, तू पत्र वाचून घडी घालून पाकिटात ठिवलंस. फाडलं न्हाईस. बरं झालं, कागद महाग हाय.

आज मेंढरं ओवाळली. दरसाल तू म्होरं पळायचास अन् मी आरती घेऊन मागून वरडायचे. यंदा मीच म्होरं, मीच मागं. काळ्या मेंढीच्या कपाळाला हळद लावताना तिनं शिंकून माझ्याच तोंडावर उडवली. हसायला लागले. हसताना वळून बगितलं कुणाला सांगावं म्हणून. सुलत्या बी न्हवता तितं.

त्याचीच खबर सांगायची हाय. सुलत्या सांजच्याला टेकाडाकडं जाऊन बसायला लागलाय. आधी मला वाटलं राखण करतोय. मंग एक दिवस बगितलं, तर लांडगी थोडक्यावर बसलेली. ती पळंना, ह्यो भुकंना. दोघं आपले बसलेत, ओळखीच्या बायका दळणाला बसाव्यात तसे. मला लई बरं वाटलं रे. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, तिला सोबत झाली. तिचा बी धनी गेला, माझा बी गेला, माझ्याशी तरी एक कुत्रं हाय बोलायला, तिला कोण?

तवापासून सांजच्याला सुलत्याचा दोर सोडते. तुला आठवतं का, तुझा बा कुत्री माजावर आली की माळाला मोकळी सोडायचा. लांडग्याचं रगत आलं की पिल्लू तिखट निघतं म्हणायचा. आपली चिमणी तरी कशी निघालती! वाड्याजवळ माशी येऊ देत न्हवती. तसंच हे बी. ह्या वक्ताला उलटं, एवढंच.

घोंगडीचं न्हाई सांगितलंस. पाठवते, नको असली तर अंथर.

आई


चंपाषष्ठी

लखन्या,

तुझा निरोप पोचला. इतक्या महिन्यांत आईला एक निरोप, अन् तो बी कुत्र्याचा! बबिता फोनवर म्हणली, "आत्याबाई, ते म्हणत्यात, सुलत्याला बांध म्हणावं." मी म्हणलं, अजून? तर म्हणली, अजून काय न्हाई. मी इचारलं, कावून बांधू? तर म्हणली, इचारलं मी, बोलत न्हाईत, उठून बाहीर गेले.

आई जिती हाय का, गुडघा दुखतो का, सांजचं गिळती का उपाशी झोपती, ह्यातलं काय बी नको तुला. कुत्रं बांध! तुला त्या लांडगीचं एवढं बी चांगलं बगवत न्हाई का रे? धनी मारलास, आता तिच्याजवळ कुणी बसलेलं बी खुपतं. लई संतापले मी. हातातला तवा आपटला, त्याचा कान मोडला. आता फडक्यानं धरावं लागतंय. तो बी तुझ्याच नावावर.

न्हाई बांधला सुलत्याला. मुद्दाम न्हाई बांधला.

विजयसिंह गार्ड आलता, तोच तुला गाडीत घालून नेणारा. पोरगा वाईट न्हाई, चहा पिताना बशी सुद्धा धुऊन ठिवतो. इचारत व्हता, "मावशी, लांडगी दिसती का? कुटं राहती?" मी म्हणलं, माळावर आता काय उरलं न्हाई बाबा, ससा दिसंल तर दिसंल. खोटं बोलले. कळलं की फोटो काढणारे येत्यात, त्यांच्या मागं गाव येतं, अन् गावाच्या मागं गोटे येत्यात. माणसाला जागा सांगायची न्हाई, हे मी त्या वैशाखात शिकले.

सारजा
(आई लिवलं असतं, पण आज राग हाय.)


संक्रांत

लखन,

तिळगूळ घे. बबितासाठी वेगळी पुडी हाय, तू तिच्यातलं खाऊ नको.

लांडगी जड दिसत व्हती, आता मोकळी झाली. निवडुंगाच्या वरच्या घळीत तिनं जागा केलीय, जितं तू लहानपणी लपायचास अन् मी शिव्या देत हुडकायचे. मी मेंढरं त्या अंगाला नेत न्हाई, लांबून वळसा घालते. बाळंतिणीच्या दारात गलका करू न्हाई.

परवा तिनं एक कोकरू नेलं. काळीचं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं, तुला आवडलं असतं असं. काळी दिवसभर वरडत व्हती. मी तिच्यापाशी बसले अन् तुझ्या बासारखं म्हणून बगितलं, "बिरोबाचा वाटा गेला, चला म्होरं." म्होरं जायला पाय निघंना. एकटीनं म्हणलं की त्या बोलण्यात दम राहत न्हाई. तुझा बा म्हणायचा तवा आपण दोघं मागं चालत व्हतो.

थंडी लई हाय. सुलत्या बी आजकाल घळीकडंच असतो. वाड्यात मी अन् मेंढरं. कधी कधी माझाच आवाज मला ऐकू येतो अन् मी दचकते, म्हणते कोण आलं. तू म्हणशील म्हातारी रडगाणं गाती. गातेच. मग कुणापुढं गाऊ?

आई


माघी पौर्णिमा झाल्यावर

लखन बाळा,

तुझं खरं निघालं.

पिल्लं बाहीर आली. चार हायत. मी निवडुंगाआड लपून बगितली. दोन अंगानं लांडग्यासारखी, पण पाय पांढरे, सुलत्याचे. एकाचा कान पडलेला. एक तर पार काळं. मला आधी हसूच आलं. म्हणलं, सुलत्या, भाड्या, सगळा तुझाच कारखाना!

मंग काल ते पडक्या कानाचं वाड्यापाशी आलं. उन्हं वर आली व्हती, मी शेण भरत व्हते. सरळ आलं लखन, माझ्याकडं, अन् शेपूट हालवली.

माझ्या हातातली पाटी पडली. लांडग्याचं पिल्लू माणसाकडं शेपूट हालवत येत न्हाई. ते माणूस दिसलं की जमिनीत शिरतं. म्हणून तर ते जगतं. ह्याला मी हाड म्हणलं, माती मारली, तर त्याला खेळ वाटला. हे उद्या असंच गावात जाईल, शेपूट हालवत. कुणाच्या तरी अंगणात कोंबडी धरंल, अन् पहिल्या काठीत जाईल. न्हाई गेलं, तर त्याची पिल्लं व्हतील, अजून पडक्या कानाची. अन् मंग टेकाडावर बसून गळा काढणारं कोण राहील? भुकणारे राहत्याल.

चिमणीचं येगळं व्हतं. लांडग्याचं रगत घेऊन ती आपल्या वाड्यात आली, माळाचं काय कमी झालं न्हाई. हितं कुत्र्याचं रगत माळात गेलं. एकच लांडगी उरलेली, अन् तिच्या पोटी कुत्री. एवढी मेंढरं राखली जल्मभर, नर कुठला लावायचा ते मला कळतं, अन् हे न्हाई कळलं! कीव आली तवा डोकं गेलं.

बबिताला फोन केला अन् खोदून खोदून इचारलं. मंग तिनं तुझ्याकडून काढून घेतलं. जामिनाच्या तारखेला फॉरेस्टच्या कचेरीत सही करायला येतोस, तितं बाकड्यावर बसवून ठेवत्यात, तवा सायेब लोक बोलत व्हते ते तू ऐकलंस. आष्टीकडं असंच झालं, नर मेला अन् मादी कुत्र्यांत गेली. माझं दिवाळीचं पत्र वाचलंस अन् त्या रात्री जेवला न्हाईस, असं बबिता म्हणली.

मग मुडद्या, कावून न्हाई सांगितलंस सगळं? चार शब्द जास्ती पाठवले असते तर तुझं काय जात व्हतं? अन् मी बी कसली, तूच बोललास म्हणून ऐकलं न्हाई. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याच सांजला बांधला असता.

आज बांधलाय सुलत्याला. वरडतोय.

आई


होळी

लखन,

विजयसिंहाला जागा सांगितली.

तीन सांजा चुलीपुढं बसून इचार केला. ती बी आईच हाय. एकदा तिचा धनी आपल्या घरानं मारला, अन् आता लेकरं बी आपल्याच घरानं दाखवून द्यायची. पण ते पडक्या कानाचं रोज वाड्यापाशी यायला लागलं. गहिनीनाथाची नातवंडं त्याला भाकर टाकायला लागली. मंग मी गार्डाला बोलावलं अन् म्हणलं, बाबा, मी खोटं बोलले व्हते, चल. तो रागावला न्हाई. फक्त म्हणला, "मावशी, आधी सांगायचं व्हतं." मी म्हणलं, आधी मला माझ्या लेकानं सांगितलं व्हतं, मीच ऐकलं न्हाई. त्यानं माझ्याकडं बगितलं. "लखननं?" म्हणला. मी म्हणलं, हो, लखननं.

सकाळी डॉक्टर घेऊन आले. ती पिल्लं मारणार न्हाईत, जनावरांच्या केंद्रावर ठिवणार, माळावर परत सोडणार न्हाईत. मी गार्डाकडून शपथ घेतली, लिंबागणेशच्या गणपतीची. घळीपाशी मी म्होरं गेले, कारण मला भ्याली न्हाईत ती. काळ्यानं बोट फोडलं माझं, शाबास म्हणलं त्याला. पडक्या कानाचं आपलं आपण आलं अन् पदरात तोंड खुपसलं. ऊन ऊन अंग. चोळी चाटायला लागलं. लखन, तुला गाडीत बसवलं त्या दिवशी तू वळून बगितलं न्हाईस. ह्यानं बगितलं. पिंजरा हालला तरी बगत व्हतं.

लांडगी टेकाडावर उभी व्हती, सगळा वेळ. पळाली न्हाई, अंगावर बी आली न्हाई. गाडी उतारावरून गेली तवा खाली आली, घळीत शिरली, बाहीर आली, परत शिरली. मी वाड्याकडं आले, मला म्होरं बगवंना. सांजच्याला तिनं गळा काढला न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. मी कान देऊन बसले व्हते दोन्ही दिवस.

सुलत्याचं हापरेशन करून आणलं. माझ्याकडं पाठ करून बसतो. घरातले सगळे गडी एकाच वळणाचे.

गावात होळी पेटली असंल. मी खाली गेले न्हाई. पोळी केली, एक तुझ्या नावानं ठिवली अन् मंग मीच खाल्ली.

आई


पाडवा

लखन,

कोर्टाचा कागद आला. माझ्या जबानीची तारीख लागलीय, पाडव्याच्या म्होरच्या आठवड्यात, बीडला. तुला बी आला असंल. बबिता रडत व्हती फोनवर. म्हणली, "आत्याबाई, एवढ्या खेपेला म्हणा की मला दिसलं न्हाई, म्हाताऱ्या डोळ्यांना काय दिसतं." तिचं चुकलं न्हाई. तिच्या जागी मी असते तर मी बी हेच म्हणलं असतं. तुझ्या कानावर हे पडू देऊ नका म्हणली, पण मी तुझ्यापासून काय लपवत न्हाई आता.

तवा ऐक. गुढी उभारली अन् गुढीखाली बसून हे लिवते, म्हंजे खोटं लिवता येणार न्हाई.

लांडगी अजून हितंच हाय. मला वाटलं व्हतं जाईल. काल तळ्याच्या चिखलात तिचा माग बगितला, ओळखते मी, डाव्या पायाचं नख तुटलेलं हाय तिचं. अन् तिच्या बाजूनं दुसरा माग, चांगला रुंद. सुलत्या दोराला हाय, म्हंजे त्याचा न्हाई. विजयसिंह म्हणतो लगेच आशा धरू नका मावशी, गावचं मोकाट कुत्रं बी असंल. मी म्हणलं, तू तुझं कागदात लिव, मी माझी आशा धरते. गहिनीनाथाला अन् खालच्या वस्तीवाल्यांना सांगून आलेय, सांजच्याला कुत्री बांधा. हसले. म्हणले, म्हातारी पागल झाली. पण बांधली. मी सांजच्याला फेरी मारून बगते.

सांजचा वक्त सोपा न्हाई रे. तुझा बा गेला, तू गेलास, पिल्लं नेली, सुलत्या बोलत न्हाई. तू ये, असं मी पहिल्या पत्रापासून लिवायला बसते अन् दुसरंच लिवते. तू ये. मला तुझ्याबिगर करमत न्हाई. मेंढरं तुझा आवाज इसरायच्या आत ये.

पण कोर्टात मी खरंच सांगणार. दिसलं न्हाई असं म्हणायचं असतं तर त्या दिवशीच म्हणले असते. जजसायेब इचारतील, इष कुणी ठिवलं? तवा तुझं नाव घेईन. आवाज काढून घेईन, पुटपुटणार न्हाई. अन् त्यांनी म्हणलं बस, झालं, तरी मी पिंजऱ्यातून उतरणार न्हाई. म्हणंन, सायेब, अजून एक लिवून घ्या. ह्या माळावरची शेवटची लांडगी कुत्र्यांत चालली व्हती, तवा सगळ्यात आधी कुणाला कळलं? कुणी निरोप धाडला, सुलत्याला बांध म्हणावं? तवा बी मी तुझंच नाव घेईन. इष ठिवणारा बी माझाच लेक, अन् हे सांगणारा बी माझाच. एक लिवता तर दुसरं बी लिवा.

लिवत्याल का न्हाई, मला ठाऊक न्हाई. तू ऐकशील एवढं बास.

सकाळच्या एसटीनं येते, मांजरसुंब्यावरून. कोर्टाच्या फाटकापाशी बसंन. दोघांच्या भाकरी अन् ठेचा बांधून आणते, तुझी कडक, करपलेली, तुला आवडती तशी. जबानी झाल्यावर बाहीर येईन अन् फडकं सोडंन. तुला बसायचं असलं तर बस. न्हाई बसलास, तरी भाकरी घेऊन जा, चाकण लांब हाय.

आई